एका ब्लेडच्या किती दाढ्या?

ब्लेड ओढायला लागलं की ते संपलं. धाराशिव असो, उमरगा असो की परंडा, गालावर फिरणाऱ्या पात्याची ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. ते कितव्या दाढीला ओढायला लागतं, याचं उत्तर मात्र गेल्या शंभर वर्षांत अनेकदा बदललं, आणि त्या बदलामागे पोलादाइतकाच गावचा देण्याघेण्याचा व्यवहार होता. त्याआधी तर हा प्रश्न कुणाला पडलाच नसता, कारण दाढी मोजून तिचे पैसे द्यायची रीतच नव्हती.

मराठवाड्यात ज्याला वारीक म्हणतात तो नाभिक बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुत्याची ही सगळी घडी उलगडून दाखवली आहे. त्यात बलुतेदारांच्या ओळींपैकी नाभिकाची जागा मधल्या ओळीत येते. घरातल्या पुरुषांची वर्षभर हजामत करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारीचा वाटा घ्यायचा, हा करार. आठ-पंधरा दिवसांनी फेरी व्हायची. लग्नात नवरदेवाची हजामत, मिरवणुकीत दिवटी धरणं, सोयऱ्यांकडे निरोप पोचवणं, अंग रगडून देणं, हे सगळं त्याच वाट्यात बसायचं. घरटी बलुतं ठरलेलं असल्यामुळे कुणाच्या किती दाढ्या झाल्या, याची नोंद ठेवायचं कारण कुणालाच नव्हतं.

नाभिकाची धोकटी, म्हणजे हत्यारांची पिशवी, उघडली की वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, पाण्याची वाटी, आरसा, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा निघायचा. यातल्या शेवटच्या दोन वस्तूंवर वस्तऱ्याचं आयुष्य अवलंबून होतं. दगडावर घासलं की पोलादाचा बारीकसा थर झिजून नवी धार निघते. पट्ट्यावर फिरवलं की वाकलेली, दुमडलेली धार पुन्हा सरळ होते. दगड अधूनमधून लागायचा, पट्टा रोज. काम झालं की पातं कोरडं पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि धोकटीत ठेवून द्यायचं. असा सांभाळलेला वस्तरा बापाकडून मुलाकडे यायचा. वर्षानुवर्षांच्या घासण्यानं पातं अरुंद होत जाई, पण त्याची धार मात्र रोज सकाळी नवी असे. किती दाढ्या टिकला, असं विचारलं तर त्याचं उत्तर पिढ्यांत द्यावं लागलं असतं. हे सारं कसब होतं आणि ते बसून शिकावं लागायचं. संत सेना महाराजांनी आपल्या अभंगात याच धंद्यातली उपकरणं भक्तीसाठी योजली. श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी आजही नाभिक समाज मनोभावे साजरी करतो.

या वस्तऱ्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्यांना नको होता त्यांच्या डोक्यावरून तो फिरवला गेला आणि ज्यांना हवा होता त्यांना तो नाकारला गेला. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा भरली आणि हे काम आपण करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. ज्यांचं पोट त्या वस्तऱ्यावर होतं त्यांनीच तो खाली ठेवायचा निर्णय घेतला, ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. नकाराची बाजू त्याहून चिवट निघाली. गावोगाव दलितांची हजामत गावचा नाभिक करत नसे, आणि करावीशी वाटली तरी गावकीचा धाक असे. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली. बलुत्या-वतनाच्या ज्या चौकटीतून बाहेर पडायची हाक तिथे दिली गेली, त्याच चौकटीत कुणाच्या दाढीला हात लावायचा आणि कुणाच्या नाही, हेही ठरलेलं होतं. जातीवरून सेवा नाकारणं हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ मध्ये आला. कुणाच्या होकाराची वाट न पाहता माणसाला स्वतःची दाढी स्वतः करता येईल, असं साधन मात्र त्याच्या आधीच जगात आलं होतं.

ते अमेरिकेतून आलं. किंग कॅम्प जिलेट हा फिरता विक्रेता. एकदा वापरून टाकून द्यावी आणि गिऱ्हाइकानं पुन्हा घ्यायला यावं, अशी एखादी वस्तू तो शोधत होता. १८९५ मध्ये त्याला पातळ पात्याची कल्पना सुचली. कागदासारख्या पातळ पोलादाला धार धरवणं जाणकारांना अशक्य वाटत होतं. विल्यम निकरसन या अभियंत्यानं ते जमवलं. १९०१ मध्ये कंपनी निघाली, १९०३ मध्ये विक्री सुरू झाली आणि पहिल्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि मग खप हजारोंनी वाढला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर गेले. घरी परतलेला सैनिक रोज सकाळी स्वतःची दाढी स्वतः करायला शिकून आला होता.

एका पात्याच्या किती दाढ्या, हा प्रश्न जन्माला आला तो जिलेटच्या जाहिरातींबरोबर. दगड नको, पट्टा नको, कसब नको, असं सांगणाऱ्या कंपनीला पातं किती दिवस पुरेल हे सांगणं भागच होतं. सुरुवातीच्या जाहिरातींत एका पात्यातून दहा-वीस, काहींत त्याहूनही जास्त दाढ्या होतील असे दावे असत. ते पातं आजच्यापेक्षा जाडही होतं. पण तो जाहिरातीतला आकडा होता, आणि रोज दाढी करणाऱ्याचा अनुभव त्याच्या बराच अलीकडे थांबायचा.

हे पातं इकडे पोचलं तेव्हा धाराशिव निजामाच्या राज्यात होतं. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून मिळालं आणि २०२३ मध्ये ते पुन्हा अधिकृतपणे धाराशिव झालं. लातूरही १९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग होतं. इंग्रजी मुलखातला माल इकडे यायचा तो मुख्यतः सोलापूर आणि बार्शीच्या पेठांतून. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये येडशी, ढोकीमार्गे लातूरपर्यंत पोचली. हद्दीवर निजामाची करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. विलायती पात्याच्या पुडीवर समुद्रापलीकडच्या प्रवासाचा खर्च आणि त्यात या जकातीची भर. अशी पुडी घरात आली की तिच्यातलं एकेक पातं पुरवून पुरवून वापरलं जाई.

आता त्या जुन्या पात्याचं खरं आयुष्य पाहू. १९६० पर्यंत जगभरातली बहुतेक ब्लेडं कार्बन पोलादाची होती. या पोलादाला धार उत्तम येते, पण ते गंजतं. पात्याच्या टोकाची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. तिथे गंजाचा डोळ्यांना न दिसणारा ठिपका पडला तरी धार गेली. साबणाचं पाणी लागलेलं ब्लेड रात्रभर रेझरमध्ये तसंच राहिलं तर सकाळी ते आणखी बोथट झालेलं असे, त्यानं मध्ये एकही केस कापलेला नसला तरी. म्हणून कार्बनच्या ब्लेडचा सर्वसाधारण हिशोब तीन ते पाच दाढ्यांचा होता. दाढी झाल्यावर ब्लेड काढून, झटकून, कोरडं करून पुन्हा मेणकागदात ठेवणाऱ्याला एखाद-दुसरी दाढी जास्त मिळे. कोकणातल्या दमट हवेपेक्षा बालाघाटच्या पठारावरची कोरडी हवा या कामी सोयीची. त्या बाबतीत धाराशिवकर नशीबवान.

पाण्याच्या बाबतीत मात्र उलट. बेसॉल्टच्या खडकातून उपसलेलं इथलं विहिरी-बोअरचं पाणी अनेक गावांत जड आणि क्षारयुक्त असतं. साबण कितीही घासला तरी फेस बसत नाही, आणि फेस नीट नसला की केस पुरेसा भिजत नाही. ब्लेडच्या आयुष्याचा निम्मा हिशोब इथेच आहे. कोरडा केस चिवट असतो. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं मुरलेला केस बराच सहज कापला जातो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात दाढीला वाटीभरच पाणी मिळतं. अशा ठिकाणी ब्लेड लवकर ओढायला लागतं, त्याचा दोष पोलादाच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

मऊ केस कठीण पोलादाला कसा हरवतो, हे कोडं अगदी अलीकडे सुटलं. केस पात्यापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या जियानलुका रोशोली आणि जेम तासान यांच्या गटानं २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर संशोधन प्रसिद्ध केलं. रोशोली यांनी नेहमीसारखी दाढी करून दर वेळी पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्यांना पात्याची धार सगळीकडे सारखी गोल झालेली दिसली नाही, जागोजाग बारीक टवके उडालेले दिसले. केस तिरका येऊन धारेवर वाकला आणि त्या जागी पोलादाची घडण थोडी कमीजास्त असली की तिथे चीर पडते आणि कपचा निघतो. एकाच पुडीतलं एक ब्लेड सात दाढ्या देतं आणि दुसरं तिसऱ्यालाच टोचतं, यामागचं एक कारण या सूक्ष्म फरकात सापडतं.

ओढणारं ब्लेड लगेच टाकणं त्या काळच्या घराला परवडणारं नव्हतं आणि पटणारंही नव्हतं. काचेच्या ग्लासच्या आतल्या बाजूला ब्लेड बोटानं दाबून मागेपुढे घासायचं आणि आणखी दोन दाढ्या काढायच्या, हा उपाय घरोघरी चालायचा. गुळगुळीत, वक्र काचेवर वाकलेली धार काही प्रमाणात सरळ होते. चामड्याचा पट्टा करायचा तेच काम, ग्लासमध्ये. विलायतेत यासाठी खास यंत्रं विकली जायची. दाढीतून सुटलं तरी ब्लेडचं काम संपत नसे. नखं काढायची, शिवण उसवायची, शाळेतल्या पोरांच्या पेन्सिलींना टोक करायचं, हे सगळं त्याच्याकडे. गावातल्या सुईणीच्या हातीही ब्लेड आलं. नाळ कापताना जुन्या हत्याराऐवजी नवं, न वापरलेलं ब्लेडच हवं, हा सुरक्षित बाळंतपणाच्या प्रशिक्षणातला एक मुख्य नियम आणि प्रसूतीच्या पाकिटातली एक ठरलेली वस्तू. दाढीसाठी निघालेल्या या पात्यानं धनुर्वाताच्या संकटातून बाळांना वाचवायला हातभार लावला, हे त्याचं सर्वांत मोठं काम म्हणावं लागेल.

स्वातंत्र्यानंतर पुडीवरची नावं बदलली. हरबन्सलाल मल्होत्रा यांच्या घराण्यानं देशात ब्लेडचा मोठा उद्योग उभा केला. भारत, अशोक, पनामा, टोपाझ ही नावं किराणा दुकानाच्या काचेमागे दिसू लागली. मल्होत्रांच्याच विद्युत मेटॅलिक्सनं ठाण्यात कारखाना चालवला आणि तिथलं सुपरमॅक्स ब्लेड जगभर गेलं. आपल्या मराठी मुलखात बनलेलं पातं परदेशातल्या गालांवर फिरत होतं, ही अभिमानानं सांगायची गोष्ट आहे. पुढे जिलेटनं भारतीय भागीदारीत राजस्थानातल्या भिवाडीला कारखाना काढला आणि १९८० च्या दशकात सेव्हन ओ’क्लॉक ब्लेडचं पाकीट इथे बनू लागलं.

पात्याच्या आयुष्यात खरी उडी पडली ती १९६०-७० च्या दरम्यान. तलवारी बनवणाऱ्या इंग्लंडच्या विल्किन्सन कंपनीनं १९६० च्या दशकाच्या आरंभी स्टेनलेस पोलादाचं, टेफ्लॉनचा अतिपातळ लेप दिलेलं ब्लेड बाजारात आणलं. क्रोमियममुळे गंज हटला, लेपामुळे घर्षण कमी झालं. तीन-पाच दाढ्यांच्या जागी लोक दहा-पंधरा दाढ्यांच्या गोष्टी करू लागले. जास्त टिकणारं ब्लेड म्हणजे कमी खप, ही भीती जिलेटलाही होती. पण गिऱ्हाईक निघून जाताना पाहून १९६३ मध्ये त्यांनीही स्टेनलेस काढलं. भारतातही हळूहळू स्टेनलेसनं कार्बनला मागे सारलं.

आणि मग, पोलाद सर्वांत टिकाऊ झालेलं असताना, सलूनमधल्या धारेचं आयुष्य एका दाढीवर आलं.

याचं श्रेय आरोग्याच्या जाणिवेला. १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण नोंदले गेले. रक्त लागलेल्या पात्यातून रोग पसरू शकतो, हे भिंतीवरच्या फलकांतून, रेडिओवरून, आरोग्यसेवकांच्या तोंडून गावोगाव पोचलं. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा धोका तर त्याहून मोठा, कारण तिच्या विषाणूला रक्ताचा सूक्ष्म अंशही पुरतो. तोवर एकच वस्तरा पट्ट्यावर फिरवून, फार तर डेटॉलच्या पाण्यात बुडवून पुढच्या गालावर जात असे. आता पातं बदलता येणारा वस्तरा आला. दिसायला जुन्यासारखाच, उघडझाप करणारा, पण त्याच्या खाचेत दुधारी ब्लेडचा अर्धा भाग बसतो. नाभिक पुडी फोडतो, कागदासकट ब्लेड मधोमध मोडतो, एक अर्धं एका गिऱ्हाइकाला आणि दुसरं पुढच्याला. एका ब्लेडच्या दोन दाढ्या, दोन चेहरे, हा आजचा सलूनचा हिशोब. खुर्चीवर टेकताच ‘नवीन ब्लेड टाका’ म्हणायला ज्या पिढीनं सुरुवात केली, तिनं हा बदल घडवला. ब्लेड स्वस्त झालं नसतं तर ते शक्य नव्हतं, हेही खरं.

तुळजापूरला लेकराचं जावळ काढायला येणाऱ्या कुटुंबांसाठी तर हा नियम आणखी महत्त्वाचा. तुळजाभवानी महाराष्ट्राबाहेरच्याही कित्येक घरांची कुलदेवता. बाळाची टाळू नाजूक, गर्दी मोठी, आणि नवरात्रासारख्या दिवसांत नाभिकाच्या हाताला उसंत नसते. अशा वेळी आई-वडिलांनी स्वतः नवी पुडी हातात द्यावी, त्यात कुणालाही वाईट वाटायचं कारण नाही.

घरातला रेझर मात्र वेगळ्या वाटेनं गेला. २०१० मध्ये जिलेटनं खास भारतासाठी गार्ड नावाचा १५ रुपयांचा एकपाती रेझर आणला, त्याचं पातं ५ रुपयांना. तो घडवताना कंपनीला एक धडा मिळाला होता. आधीच्या एका रेझरची चाचणी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर झाली होती आणि त्यांना तो आवडलाही होता. भारतात मात्र वाहत्या नळाऐवजी पेलाभर पाणी घेऊन, जमिनीवर बसून, हातातल्या आरशात पाहत दाढी करणारे लाखो लोक निघाले. त्या पेल्यात रेझर हलवला की अडकलेले केस निघत नव्हते. म्हणून गार्डमध्ये केस सहज धुतले जातील अशी रचना केली. भूम-परंड्याकडच्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं.

२०२० च्या टाळेबंदीनं दाढी पुन्हा घरी आणली. मार्चमध्ये सलून बंद झाली आणि २८ जूनपासून राज्यात ती उघडली तेव्हा परवानगी होती फक्त केस कापायची, दाढीची नाही. नाभिक कुटुंबांसाठी तो काळ फार कठीण गेला. बलुतं सुटल्यावर रोजच्या रोख कमाईवर उभा राहिलेला हा धंदा, त्याला खळ्यावरच्या ज्वारीचा आधारही उरलेला नव्हता.

हल्ली जुने रेझर आणि जुन्या पुड्या जमवणाऱ्यांची संख्या वाढते आहे. आजोबांच्या पेटीत पितळी रेझर सापडला तर तो खुशाल वापरावा. पात्याच्या मधल्या लांब खाचेचा आकार १९३० पासून जगभर सारखाच राहिला आहे, त्यामुळे आजचं कोपऱ्यावरच्या दुकानातलं ब्लेड त्यात नेमकं बसतं. जुन्या ब्लेडांचं तसं नाही. मेणकागद शाबूत असेल आणि पुडी कोरड्या जागी राहिली असेल तर स्टेनलेसचं पातं कित्येक वर्षांनीही पहिल्यासारखं चालतं. कार्बनचं ब्लेड उजेडात धरून पाहावं. धारेवर तपकिरी छटा किंवा ठिपका दिसला तर ते गालाला लावू नये, संग्रहातच ठेवावं. स्वच्छ निघालं तर तीन-चार दाढ्यांवर आशा धरू नये. आजचं साधं स्टेनलेस ब्लेड घरी, एकाच माणसाला, नीट भिजवून केलेल्या पाच ते सात दाढ्यांना पुरतं, आणि ज्याची दाढी राठ आहे त्यानं चौथ्यालाच बदलावं.

राहिला वापरलेल्या पात्यांचा प्रश्न. एका सलूनमधून रोज कितीतरी अर्धी पाती निघतात आणि कचऱ्यात मोकळी पडली तर ती उचलणाऱ्याच्या हातात घुसतात. जिल्ह्यातल्या प्रत्येक सलूनमालकानं खुर्चीखाली झाकणाचा एक पत्र्याचा डबा ठेवावा, वरच्या बाजूला ब्लेड जाईल एवढीच चीर पाडावी, आणि भरलेला डबा चिकटपट्टीनं बंद करून सफाई कामगाराला सांगून वेगळा द्यावा. घरच्या ब्लेडसाठीही हेच करावं.